जीपचे दिवे : दिसणे आणि दिपणे

काही वर्षांपूर्वी, थंडीच्या सुरुवातीला, आम्ही बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाहून एका जुन्या जीपने परत निघालो होतो. गाडी जुनी असली तरी चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, चढाला दमदार. गड उतरेपर्यंत अंधार पडला. चालकाने दिवे लावले, पण रस्त्यावर पिवळसर उजेडाचा एक डाग तेवढा पडला. एका वळणानंतर अगदी पुढ्यात बैलगाड्यांची रांग आली. ना कंदील, ना मागे चकाकणारी पट्टी. करकचून ब्रेक लावले आणि शेवटच्या गाडीपासून चार-पाच हातांवर आम्ही थांबलो. चालक म्हणाला, "साहेब, बल्ब तर परवाच नवा टाकलाय." ते खरेच होते. मग उजेड गेला कुठे?

याचे उत्तर शोधताना दिव्यांचा इतिहास पाहावा लागतो. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी थेंबथेंब सोडायचे आणि तयार होणारा ॲसिटिलीन वायू जाळायचा. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने मोटारीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, तेव्हापासून विजेचे दिवे रुळत गेले. मात्र आत शिरणाऱ्या धुळीने आणि ओलाव्याने दिव्यातला आरसा काळवंडत असे. म्हणून १९४० च्या मोटारींपासून अमेरिकेत सीलबंद दिवा आला. तार, अंतर्गोल आरसा आणि पुढची काच हे सारे एकसंध, व्यास सात इंच. तार तुटली की अख्खा दिवा बदलायचा. युरोपात बल्ब वेगळा ठेवण्याची पद्धत टिकली.

महायुद्धातल्या विलीज एमबी या जीपची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिचे दिवे बिजागरीवर बसवलेले असत. बॉनेट उघडून दिवा मागे फिरवला की इंजिनावर उजेड पडे आणि रात्री दुरुस्ती करता येई. युद्धानंतरच्या नागरी जीपला मात्र मोठे, सात इंची दिवे मिळाले. मुंबईत १९४५ साली सुरू झालेल्या आणि १९४८ पासून 'महिंद्र अँड महिंद्र' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. पुढे ही जीप तहसील कचेरीपासून काळ्या-पिवळ्या प्रवासी गाडीपर्यंत सगळीकडे पोचली. सात इंची गोल दिव्याचे माप इतके रुळले, की पन्नास वर्षांच्या जीपलाही आज बाजारातला नवा दिवा बसतो.

आता आमच्या पिवळ्या उजेडाकडे वळू. जुन्या जीपमध्ये दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून आणि पायाजवळच्या डिपरमधून जातो. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून १० ॲम्पिअर प्रवाह घेतात. गंजलेले सांधे आणि कळकट अर्थ यांचा मिळून रोध फक्त ०.१ ओहम असला, तरी ओहमच्या नियमाने वाटेतच सुमारे एक व्होल्ट खर्च होतो. बल्बला मिळतात ११ व्होल्ट. एवढ्याने काय बिघडते? विद्युत्दाब घटला की तारेचे तापमान उतरते आणि तिच्या उत्सर्जनातला दृश्य प्रकाशाचा वाटा फार वेगाने कमी होतो. प्रकाश साधारणपणे विद्युत्दाबाच्या ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे दाब आठ टक्क्यांनी घटला, तर प्रकाश जवळजवळ पाव हिश्शाने घटतो आणि पिवळाही होतो. सुरुवातीच्या जीपमध्ये तर ६ व्होल्टचीच बॅटरी असे. तेवढ्याच वॉटसाठी दुप्पट प्रवाह लागे आणि तारांमधली घटही दुप्पट होई. १९५० च्या दशकात मोटारी १२ व्होल्टकडे वळल्या, त्याचे हे एक कारण.

हा पाव हिस्सा किती मोलाचा आहे पाहा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपतात. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही आणखी २५ ते ३० मीटर लागतात. बैलगाडी ४० मीटरवर दिसली, तर ती उशिराच दिसली.

मग जास्त वॉटचा बल्ब का घालू नये? अनेक जण तेच करतात. त्याने प्रवाह वाढतो, तारांमधली घट वाढते, बटण आणि होल्डर तापतात. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात. दिव्यांच्या इतिहासातला अर्धा प्रयत्न या दिपण्यावरच खर्च झाला आहे. १९५७ च्या सुमारास युरोपात असममित डिपर आला. समोरून वाहन येते त्या बाजूला उजेड खाली आणि रस्त्याच्या कडेला थोडा वर. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या दिव्याचा उजेड डावीकडे उचललेला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनलेला दिवा इथे लावला, तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. १९७१ चा दोन तारांचा एच-४ हॅलोजन बल्बही आरशाच्या केंद्राशी काटेकोर नाते ठेवून बनवला आहे. त्या जागी एलईडी बसवला की प्रकाशाचा उगम सरकतो आणि उजेड विस्कटतो.

आमच्या जीपचा इलाज साधा होता. सांधे घासून अर्थ नीट केला आणि बॅटरीपासून जाड तार घेऊन रिले बसवला. बल्ब तोच राहिला आणि उजेड पांढरा झाला. हॅलोजन बल्ब बदलताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापून काच खराब होते.

हा सारा धडा शाळेच्या मैदानावर घेता येईल. सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर जीप उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखा. डिपरच्या उजेडाची वरची सपाट कड त्या रेषेच्या सुमारे १० सेंटीमीटर खाली यायला हवी. दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटर उंच असेल, तर ही कड किती अंतरावर जमिनीला टेकेल, हे मुलांना समरूप त्रिकोणांवरून काढू द्या. मग मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि नंतर पेटत्या बल्बच्या टोकांवर व्होल्ट मोजा. दोहोंतला फरक किती येतो ते गाडीच्या चालकालाही दाखवा.