दोन जादूगारपट आणि एक विजयी तोतया

२००६ साली अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने अमेरिकेत दोन चित्रपट प्रदर्शित झाले. ऑगस्टमध्ये नील बर्गर यांचा ‘द इल्यूजनिस्ट’ आणि ऑक्टोबरमध्ये ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘द प्रेस्टीज’. दोहोंचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, दोहोंचा नायक रंगमंचावरचा जादूगार आणि दोहोंना आधार साहित्यकृतीचा: पहिल्याला स्टीव्हन मिलहाउझर यांच्या कथेचा, दुसऱ्याला ख्रिस्तोफर प्रीस्ट यांच्या १९९५ च्या कादंबरीचा. त्यांची तुलना बहुधा ‘अधिक रंजक कोणता’ येथेच थांबते. आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. जादूगारांच्या स्पर्धेत खरोखर पणाला काय लागलेले असते? कथानकांतील रहस्ये उघड केल्यावाचून त्याचे उत्तर शोधता येत नाही, एवढी सूचना आधीच देऊन ठेवतो.

मिलहाउझर यांच्या कथेत आयझेनहाइम या जादूगाराला व्यवसायातले प्रतिस्पर्धी आहेत. त्यांतला सर्वांत प्रबळ पासाउअर हा अखेरीस वेषांतर केलेला आयझेनहाइमच निघतो. कलावंताची खरी स्पर्धा स्वतःशीच असते, हे त्या कथेने एका प्रसंगात सांगून टाकले आहे. बर्गर यांनी मात्र हे प्रतिस्पर्धी वगळले आणि त्यांच्या जागी युवराज लिओपोल्डला आणले. त्यामुळे झुंज दोन जादूगारांची न राहता जादूगार आणि राजसत्ता यांची झाली. युवराजाचा शेवट पाहताना १८८९ मध्ये मायरलिंग येथे झालेला ऑस्ट्रियाच्या युवराज रुडॉल्फचा अंत आठवल्याखेरीज राहत नाही. या बदलाने चित्रपटाला राजकीय परिमाण लाभले. मात्र कलेच्या पोटातला संघर्ष हरवला. आयझेनहाइमला कशाचीच फारशी किंमत मोजावी लागत नाही. त्याच्या संत्र्याच्या झाडाचेच पाहा. मूळ प्रयोग फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांचा. ते कसबी यंत्रकार होते आणि त्यांचे झाड प्रेक्षकांसमोर यंत्राच्या बळावर फुलत असे. चित्रपटातले झाड संगणकाने उगवले आहे. ते सुंदर दिसते, पण ते उगवताना कोणाचाही हात चुकण्याची भीती नाही.

नोलन यांच्या चित्रपटात किंमत हाच विषय आहे. बोर्डन आणि अँजिअर एकाच उमेदवारीतून पुढे आलेले. एका अपघाताने वैरी झालेले. बोर्डनच्या ‘देहांतरा’च्या प्रयोगामागे दोन जुळे भाऊ आहेत. दोघे मिळून एकच आयुष्य जगतात; एकाची बोटे तुटली म्हणून दुसराही आपली बोटे तोडून घेतो, आणि या अर्ध्या-अर्ध्या संसारात एका पत्नीचा बळी जातो. अँजिअर टेस्लाच्या यंत्रातून दररात्री स्वतःची प्रतिकृती निर्माण करतो आणि दररात्री दोघांपैकी एक पाण्याच्या टाकीत बुडून मरतो. मेला तो अस्सल की उरला तो, हे त्यालाही सांगता येत नाही.

या चित्रपटाच्या आरंभी एक छोटा प्रसंग आहे. दोघे उमेदवार चुंग लिंग सू नावाच्या वृद्ध चिनी जादूगाराचा प्रयोग पाहतात. तो रिकाम्या कापडाखालून पाण्याने भरलेले, मासे असलेले भांडे काढतो. बोर्डनच्या लक्षात येते की भांडे त्याने झग्याखाली पायांत धरलेले असते, आणि कोणाला शंका येऊ नये म्हणून हा गृहस्थ रंगमंचाबाहेरही जन्मभर पांगळ्यासारखा चालतो. कलेवरील निष्ठा म्हणतात ती हीच, असा धडा तो घेतो.

इतिहास मात्र याहून विलक्षण आहे. पाण्याच्या भांड्याचा तो प्रयोग चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराचा. १८९८ मध्ये तो अमेरिकेत आला आणि तो प्रयोग करून दाखवणाऱ्याला त्याने एक हजार डॉलरचे बक्षीस लावले. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन जादूगाराने ते आव्हान स्वीकारू पाहिले, पण त्याला दाद मिळाली नाही. पुढे १९०० च्या सुमारास याच रॉबिन्सनने चेहरा रंगवून, वेणी लावून, फूच्या नावाशी यमक जुळवून युरोपात नवा अवतार घेतला. तोच चुंग लिंग सू. रंगमंचावर तो इंग्रजी बोलत नसे. वार्ताहरांशीही दुभाष्यामार्फत बोले. १९०५ च्या जानेवारीत दोघेही लंडनमध्ये असताना फूने त्याला जाहीर आव्हान दिले. ठरल्या दिवशी फू आलाच नाही, सूने प्रयोग करून दाखवले आणि सरशी तोतयाची झाली. मराठी वाचकाला तोतया म्हटले की भाऊसाहेबांचा तोतया आठवतो; पण त्याला १७७६ मध्ये देहदंड झाला. येथे तोतया जिंकला, कारण लंडनच्या प्रेक्षकाला चिनी माणूस नको होता. त्याच्या मनातले चिनी माणसाचे चित्र हवे होते.

२३ मार्च १९१८ च्या रात्री लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग करताना बंदुकीतली गुप्त योजना निकामी झाली आणि खरी गोळी सूच्या छातीत शिरली. त्या क्षणी तो इंग्रजीत बोलला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. चित्रपटात निष्ठेचा आदर्श म्हणून येणारा वृद्ध हा असा होता: त्याची निष्ठा खरी, पण ती दुसऱ्याच्या नावावर उभी होती. नोलन यांच्या कथेचे सारे सूत्र, प्रतिकृतीने मूळ माणसाची जागा घेणे, या एका चरित्रात सामावले आहे. आणि चित्रपट त्याविषयी अवाक्षर काढत नाही.

हे मौन आम्हांला अर्थपूर्ण वाटते, कारण चित्रपटही याच वंशातला आहे. जॉर्ज मेलिएस यांनी १८८८ मध्ये रोबेर-उदँ यांचेच नाट्यगृह विकत घेतले होते. १८९६ मध्ये त्यांनी बाई अदृश्य होण्याचा प्रसिद्ध प्रयोग चित्रित केला. नाट्यगृहात त्यासाठी चोरदार लागे, येथे कॅमेरा क्षणभर थांबवणे पुरले. आपले दादासाहेब फाळकेही आधी आडनावाची अक्षरे उलटून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत. आणि १९०० साली एडिसनच्या कंपनीने ‘चिंग लिंग फू आउटडन’ नावाचा लघुपट काढला. फूवर मात, असा त्याचा अर्थ. सूच्या आधीच कॅमेऱ्याने फूला हरवल्याचे जाहीर करून टाकले होते.

म्हणून या दोन चित्रपटांत ‘द प्रेस्टीज’ आम्हांला श्रेष्ठ वाटतो. नक्कल जिंकते तेव्हा कोणीतरी बुडते, एवढे तरी तो दाखवतो. टाकीतले चेहरे आपण अखेरीस पाहतो. त्यांत फूचा चेहरा नाही.