कार्कासोनचे पाच पुत्र : सरहद्दीवरची चारशे वर्षं

दक्षिण फ्रान्समध्ये कॉर्बियेर नावाची डोंगररांग आहे. पेरपेर्त्यूज, केरिब्यूस, प्युइलोराँस, तेर्म आणि आगिलार हे तिथले पाच गड ‘कार्कासोनचे पाच पुत्र’ म्हणून ओळखले जातात. खरं तर यातला एकही मुळात फ्रान्सच्या राजाचा नव्हता. सगळे स्थानिक सरदारांचे.

१२०९ मध्ये कॅथार पंथाविरुद्धच्या क्रूसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाच्या, फौजेने कार्कासोन शहर घेतलं. तिथला तरुण धनी त्रांकावेल त्याच वर्षी कैदेत वारला. पुढे १२२६ मध्ये फ्रान्सच्या आठव्या लुई राजाने शहर ताब्यात घेतलं आणि तिथे सेनेशाल, म्हणजे राजाचा सुभेदार, बसवला. माझ्या मते खरी वाटचाल इथून सुरू होते. शहर तलवारीने घेतलं, पण ते टिकवलं पगारी शिबंदीने आणि दप्तराने. १२४० मध्ये त्रांकावेलच्या मुलाने कार्कासोनला वेढा घातला. त्या वेढ्याबद्दल सेनेशाल गियोम देझोर्मने राजमाता ब्लांशला पाठवलेला अहवाल आजही वाचायला मिळतो. शत्रूने तटाखाली कुठे भुयार खणलं, आतल्या लोकांनी त्याच्यावर उलट भुयार कसं घातलं, हे सारं त्यात नोंदलेलं आहे. वेढा फसला.

मग नवव्या लुईने डोंगरावरचे गड हाती घ्यायला सुरुवात केली. पेरपेर्त्यूज सुमारे आठशे मीटर उंचीवर. त्याच्या सर्वांत वरच्या कड्यावर राजाने नवा बालेकिल्ला उठवला. तिथे जायला खडकात खोदलेल्या साठेक पायऱ्या आहेत, एका बाजूला सरळ दरी. १२५५ मध्ये केरिब्यूसही पडला. १२५८ च्या कॉर्बेय तहाने दक्षिणेच्या आरागॉन राज्याशी सरहद्द ठरली, आणि हे गड तिचे पहारेकरी झाले. शिबंदी फार मोठी नसे; प्युइलोराँसवर किल्लेदार आणि पंचवीसेक शिपाई. एवढ्या माणसांच्या बळावर राजाने सरहद्द राखली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

१६५९ च्या पिरेनीजच्या तहात रूसियों प्रांत फ्रान्सला मिळाला, सरहद्द दक्षिणेला पिरेनीजवर सरकली आणि गडांचं काम संपलं. तेर्म तर त्याआधीच सुरुंगाने उडवला होता. कार्कासोनचे तट मात्र १८५३ पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने दुरुस्त केले, म्हणून प्रवासी तेवढंच बघून परततात.

तसं करू नका. एक दिवस पेरपेर्त्यूजसाठी राखून ठेवा. फक्त जोराचा वारा असेल तर त्या पायऱ्या चढू नका.