चक्र एक, धर्म कोणता? पांडवलेण्यातील खुणांविषयी

नाशिक आणि आसपासच्या शाळांच्या सहली पांडवलेण्याला जातात. मुंबई-आग्रा रस्त्यावर, गावापासून आठ-एक किलोमीटरवर हा डोंगर लागतो. पायऱ्या चढून गेले की कातळात ओळीने खोदलेली २४ लेणी दिसतात. ती पांडवांनी वनवासात खोदली असे सांगणारा कोणी ना कोणी तिथे भेटतोच. मुले ऐकतात, आणि मग आत शिरल्यावर गोंधळतात. एका दारावर चक्र आहे, ते विष्णूचे का? पलीकडे पिंपळ आहे, तो तर आपण सगळेच पुजतो. एका भिंतीवर भैरव आहे, शेजारच्या लेण्यात जैन तीर्थंकर बसले आहेत, आणि आणखी पुढे बुद्धाची भलीमोठी मूर्ती आहे. मग ही लेणी कोणाची?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि तेही बऱ्यापैकी खात्रीचे. पण ते एकेका चिन्हाकडे बघून मिळत नाही. चिन्ह कोठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे, त्याच्या आधी त्या जागी काय होते आणि भिंतीवर अक्षरांत काय लिहून ठेवले आहे, या चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

सुरुवात लेणे क्र. ३ पासून करू. याच्या ओसरीला सहा धिप्पाड पुरुषाकृतींनी खांद्यावर तोलून धरले आहे. आतल्या दाराभोवती सांचीच्या तोरणाची आठवण व्हावी असे कोरीवकाम आहे. दारावर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र ही तीन चिन्हे असून त्यांना वंदन करणारी माणसे कोरली आहेत. आतल्या दालनात, मागच्या भिंतीवर पुन्हा स्तूप. एवढ्या मोठ्या बौद्ध विहारात मूळच्या कामात बुद्धाची मूर्ती मात्र नाही. त्या काळच्या बौद्ध कलेत ही गोष्ट वारंवार आढळते. वृक्ष म्हणजे ज्ञानप्राप्ती, चक्र म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन, स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण, असा अर्थ लावण्याची पद्धत आहे. काही अभ्यासकांना तो पूर्णपणे मान्य नाही. ही दृश्ये म्हणजे बुद्धाच्या जागी ठेवलेल्या खुणा नसून भाविक प्रत्यक्ष त्या वृक्षाची व स्तूपाची पूजा करीत, त्याचीच चित्रे आहेत, असे ते म्हणतात. तिसऱ्या लेण्यातील वंदन करणारी माणसे पाहिली की दोन्ही मतांना जागा आहे असे वाटते.

आता चक्राचे पाहा. विष्णूच्या हातातले सुदर्शन हे आयुध आहे. बौद्धांचे धर्मचक्र हे शस्त्र नव्हे, ते उपदेशाची गती दाखवते. जैन मूर्तींच्या आसनावरही धर्मचक्र असते, आणि पहिले तीर्थंकर ऋषभनाथ यांच्या यक्षीचे नावच चक्रेश्वरी. शिखांच्या खंड्यातही मधोमध गोल चक्कर असते, दुधारी खंड्याभोवती आणि दोन कृपाणांच्या आत. सारनाथच्या सिंहस्तंभावरचे चक्र २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर घेतले, त्याला २४ आरे आहेत. (तीर्थंकर २४, आरे २४ आणि पांडवलेणीही २४, हा मेळ एखादा हुशार विद्यार्थी घालतोच. लेण्यांना क्रमांक दिले ते एकोणिसाव्या शतकात पाहणी करणाऱ्यांनी, एवढे त्याला सांगावे.)

स्वस्तिकाचेही असेच आहे. दिवाळीत वहीपूजनाला ते काढतात. जैनांत ते सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे लांछन आहे आणि त्याच्या चार बाजू देव, मनुष्य, तिर्यंच व नरक या चार गती मानल्या जातात. पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांच्या लेखांत ‘सिद्धम्’ या मंगल शब्दाजवळ स्वस्तिक अनेकदा कोरलेले असते. पिंपळ बौद्धांचा बोधिवृक्ष, तोच आपल्या पारावरचा अश्वत्थ. थोडक्यात, हा चिन्हांचा साठा सगळ्यांच्या सामाईक मालकीचा होता. ज्याने त्याने त्यातून उचलले आणि आपला अर्थ भरला. शीख परंपरेने मूर्ती नाकारली. ती नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले इथपर्यंत गेली. पण चक्कर आणि ओंकार ही चिन्हे तिनेही ठेवली. त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात शैव आखाड्यांबरोबर उदासीन आणि निर्मल आखाडेही स्नानाला उतरतात. उदासीनांचे मूळ पुरुष श्रीचंद हे गुरू नानकांचे पुत्र होत. धर्मांच्या याद्या पुस्तकात चार रकान्यांत लिहिता येतात, गोदेच्या काठी त्या तशा राहत नाहीत.

मग तिसऱ्या लेण्याच्या दारावरचे चक्र बौद्ध हे कशावरून? पहिले कारण शेजार. वृक्ष, स्तूप, चक्र हे त्रिकूट एकत्र आले की शंकेला फारशी जागा उरत नाही. दुसरे आणि पक्के कारण म्हणजे लेख.

ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली केला. त्यानंतर नाशिकच्या लेखांवर भाऊ दाजी लाड, रा. गो. भांडारकर, भगवानलाल इंद्रजी अशा अभ्यासकांनी मेहनत घेतली. लेखांची भाषा प्राकृत आहे. त्यांत या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हटले आहे, म्हणजे संस्कृतात त्रिरश्मी. सर्वांत जुन्या लेखांपैकी एक १९ क्रमांकाच्या लहानशा लेण्यात आहे. सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या महामात्राने हे लेणे करविले, असे तो सांगतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची ही गोष्ट. म्हणजे नाशिक हे गावाचे नाव निदान दोन हजार वर्षे तेच आहे.

तिसऱ्या लेण्यातील मोठा लेख गौतमी बलश्री या राजमातेचा. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षी तिने हे लेणे भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दिले. लेखात ती आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन करते. त्याने क्षहरात कुळाचे निर्मूलन केले, तो ‘एकबम्हण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण होता, आणि पराक्रमात राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्या तोडीचा होता! म्हणजे अर्जुन आणि भीम पांडवलेण्यात खरोखरच आहेत. फक्त ते लेणी खोदणारे म्हणून नव्हे, तर उपमा म्हणून. बौद्ध भिक्षूंना विहार देणारी आई आपल्या मुलाला ब्राह्मण म्हणते आणि महाभारतातल्या वीरांशी त्याची तुलना करते, यात तिला काही विसंगत वाटले नाही. भिक्षूंनाही वाटले नसावे, नाही तर लेख भिंतीवर राहिला नसता.

दहाव्या लेण्याचा दाता याहून नवलाचा. उषवदात हा शक, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. आपल्या लेखांत तो सांगतो की त्याने तीन लाख गाई दान दिल्या, देव व ब्राह्मणांना १६ गावे दिली, दरवर्षी लाख ब्राह्मणांना जेवू घातले. आणि त्याच दमात सांगतो, की गोवर्धन येथे त्रिरश्मी डोंगरात त्याने हे लेणे करविले. त्याच्या दानाचा हिशेब गणिताच्या शिक्षकांनी जरूर वर्गात घ्यावा. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, व्याज दरमहा शेकडा १. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ते वर्षाला २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेखात आहे. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवले, दरमहा पाऊण टक्क्याने, म्हणजे वर्षाला ९०. याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असेही गणित आहे, त्यावरून एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा दर निघतो. चिन्हांच्या चर्चेत हे हिशेब कशाला, असे कोणी विचारील. एवढ्यासाठी, की चक्राचा अर्थ सांगताना आपण अंदाज बांधत असतो. इथे मात्र लेणे कोणासाठी होते हे दाता रुपया-पैशांत सांगतो आहे.

सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा दत्तामित्री नगराचा, उत्तरेकडचा ‘योनक’, म्हणजे यवन. नावात इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव, माणूस यवन, आणि लेणे सर्व बुद्धांच्या पूजेसाठी. आजच्या कुठल्या रकान्यात याला बसवायचे?

आता भैरवाकडे येऊ. दहावे लेणे तिसऱ्याच्याच धर्तीचे आहे. तिसऱ्याच्या मागच्या भिंतीवर स्तूप आहे, दहाव्यात नेमक्या त्या जागी भैरव. नीट पाहिले तर त्याच्या डोक्यावर स्तूपाच्या माथ्याचा आणि छत्रांचा भाग ओळखू येतो. इथेही आधी उठावाचा स्तूप होता. बौद्ध संघ इथून गेल्यावर पुढे केव्हातरी कोणीतरी त्या स्तूपाचेच अंग तासून त्यात भैरव काढला. भूगोलाच्या तासाला आपण शिकवतो की खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. कोरीवकामात नियम असा, की जे तासले गेले ते आधीचे. दगडात भर घालता येत नाही, फक्त कमी करता येते. त्यामुळे स्तूपातून भैरव निघू शकतो, भैरवातून स्तूप निघू शकत नाही.

शेजारचे अकरावे लेणे रामणकाने दिले. शिवमित्र नावाच्या लेखकाचा, म्हणजे कारकुनाचा, हा मुलगा. राजे आणि जावई यांच्या ओळीत हा साधा माणूस मला फार आवडतो. त्याच्या लहानशा लेण्यात बऱ्याच शतकांनंतर जैनांनी ऋषभनाथ आणि सिंहावर बसलेली अंबिका कोरली. त्या सुमारास नाशिकच्या परिसरात जैनांचा चांगला वावर होता. म्हसरूळजवळच्या गजपंथावरील लेणी त्याची साक्ष देतात. बौद्धांनी स्वतःसुद्धा बदल केलेच. विसावे लेणे यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापतीची पत्नी वासू हिने पुरे करविले. पुढे काही शतकांनी ते मागे वाढवून गाभाऱ्यात बुद्धाची प्रचंड मूर्ती काढली गेली. तोवर मूर्तिपूजा बौद्ध धर्मात रुळली होती.

चिन्हावर चिन्ह चढवण्याचे याच परिसरातले आणखी एक उदाहरण धातूतले आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा, बाण आणि वज्र यांच्यावर सातवाहनांची तीन कमानींची आकृती आणि तथाकथित उज्जयिनी चिन्ह. पण या तीन कमानी म्हणजे काय? कोणी त्यांना चैत्य म्हणतात, कोणी डोंगर. सोबत लेख नसला की चिन्ह किती मुके असते, ते इथे कळते. बलश्रीने लेखात सांगितलेला क्षहरातांचा पाडाव मात्र या नाण्यांनी पक्का केला.

मग पांडवांचे नाव कोठून आले? खोदणाऱ्यांचा विसर पडला आणि लिपी वाचता येईनाशी झाली, की एवढे अवघड काम कोणी केले असेल याचे उत्तर लोक आपल्याला ठाऊक असलेल्या थोर माणसांत शोधतात. देशात अनेक ठिकाणी लेण्यांना पांडवांचे नाव मिळाले ते असेच. जुन्नरजवळ लेण्याद्रीला तर बौद्ध विहारातच अष्टविनायकांतला गिरिजात्मज आहे आणि भाविक तिथे शतकानुशतके श्रद्धेने जातात. पाडापाडीपासून निखळ विस्मृतीपर्यंत यात अनेक प्रकार आहेत, आणि सगळ्यांना एकच शब्द लावू नये असे मला वाटते. दहाव्या लेण्यात छिन्नी चालली. लेण्याद्रीला रिकामी वास्तू वापरात आली.

हा विषय आता केवळ पुराणवस्तूंचा राहिलेला नाही. याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या लाखो कुटुंबांना हा डोंगर परक्याचा वाटत नाही. डोंगराच्या पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे, आणि २०२३ साली तिथे श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी आणून लावली गेली. ‘त्रिरश्मी बुद्ध लेणी’ हे नाव ही मंडळी आग्रहाने वापरतात, आणि लेखांचा पुरावा त्यांच्या बाजूने आहे. वर्गात मात्र दोन्ही नावांची मुले शेजारी बसलेली असतात. शिक्षकाने पांडवांची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये आणि ती इतिहास म्हणूनही सांगू नये. बलश्रीच्या लेखातला भीमसेन दाखवला तर दोन्ही साधते.

सहलीला जाताना विजेऱ्या घ्या. लेखावर प्रकाश समोरून टाकला तर अक्षरे दिसत नाहीत, बाजूने तिरका टाकला की खोलगट रेघांत सावली पडते आणि अक्षर उठून येते. खडू किंवा पावडर अक्षरांत भरू नये, बोटही फिरवू नये. आधी तिसऱ्या लेण्यातला स्तूप दाखवा, मुलांना त्याची आकृती वहीत काढू द्या, आणि मग ती वही घेऊन दहाव्या लेण्याच्या मागच्या भिंतीसमोर उभे करा. छत्रे कोठे आहेत ते त्यांना सांगू नका, शोधू द्या.