नियम आणि मनःपरिवर्तन : सृष्टिरक्षणाचा एक प्राचीन विचार

परभणी जिल्ह्यातील पेडगावासारख्या गावात ओढा, गायरान, बांधावरची झाडे आणि त्यांच्या आश्रयाने जगणारे पशुपक्षी राखावयाचे असतील, तर ते काम शासनाच्या कायद्याने होईल की गावाच्या संमतीने? प्रश्न आजचा वाटतो. परंतु पालि वाङ्मयात व अशोकाच्या लेखांत त्याचा विचार पूर्वीच झालेला आहे.

विनयपिटकात आळवी येथील भिक्खूंची कथा येते. बांधकामासाठी ते झाडे तोडीत. लोक वृक्षाला जीव मानीत. शाक्यपुत्रीय श्रमणच त्याची हिंसा करतात, अशी तक्रार त्यांनी केली. तेव्हा भगवंतांनी वनस्पतींचा नाश करण्यास मनाई करणारा नियम घालून दिला. वर्षावासाचे मूळही असेच आहे. पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू हिरवे गवत तुडवितात व बारीक जीव मारतात, हा लोकांचाच आक्षेप होता. जाणीव प्रथम लोकांत होती. संघाने ती ऐकली आणि स्वतःला नियमाने बांधून घेतले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, हंस, कासव इत्यादी प्राणी अवध्य ठरविले आणि विनाकारण वने जाळण्यास बंदी केली. पुढच्याच वर्षीच्या सातव्या स्तंभलेखात मात्र तो एक प्रांजळ कबुली देतो. धम्माची वाढ नियमाने होते तशी ‘निझति’ने, म्हणजे समजूत घालून मन वळविल्याने होते, आणि या दोहोंत नियमाचे फळ अल्प व मनःपरिवर्तनाचे मोठे, असे तो म्हणतो. विशेष म्हणजे नियमाचे उदाहरण म्हणून त्याने प्राण्यांच्या अवध्यतेचाच उल्लेख केला आहे.

या कबुलीची सत्यता रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी दिसून आली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. तरीही किनाऱ्यावर येणाऱ्या सागरी कासवांची अंडी लोक उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखण्यास आरंभ केला. अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरली जाऊ लागली व पिल्ले समुद्रात सोडली जाऊ लागली. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. येणाऱ्या पाहुण्यांच्या निवासभोजनातून गावातील घरांना उत्पन्न मिळाले. कायद्याला जे साधले नव्हते, ते गाव सहभागी झाल्यावर साधले.

तथापि ‘गाव’ म्हणजे कोण, हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर पशुपक्ष्यांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन करून हा अधर्म जगापुढे मांडला. प्राण्यावर दया आणि माणसावर बहिष्कार, ही करुणा नव्हे. गायरानाचेही तसेच आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले. आज गायरान राखण्याच्या नावाखाली त्याच भूमिहीनांना हुसकावून लावले, तर ते सृष्टिरक्षण नसून जुन्याच अन्यायाला दिलेले नवे नाव ठरेल. तसेच हरणे व रानडुकरे पिकात शिरतात तेव्हा त्या नुकसानीचा भार एकट्या अल्पभूधारकाने सोसावा, ही अपेक्षाही न्याय्य नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पेडगाव असो वा मराठवाड्यातील अन्य कोणतेही गाव, तेथील निर्णय पाटीलवाड्यात अथवा कचेरीत ठरून खाली येऊ नये. ज्या सभेत गावातील सर्व वस्त्यांची स्त्रीपुरुष माणसे समान आसनावर बसतात, त्या सभेत तो व्हावा. आळवीच्या लोकांचा आक्षेप संघाने ऐकला, म्हणून तेथील झाडे वाचली. वस्तीतील शेवटच्या माणसाचे म्हणणे जे गाव ऐकेल, त्याच गावात झाडावरील पक्षीही निर्भयपणे राहतील.