गिटार हिरो आणि रॉक बँड : नायक की मेळ?

तत्त्वज्ञानाच्या माणसाचं व्हिडिओ गेममध्ये काय काम, असं कुणालाही वाटेल. पण प्रश्न जुनाच आहे. ज्याला गाणं मनापासून आवडतं पण वाद्य वाजवता येत नाही, त्याची संगीतात जागा कोणती? अमेरिकेत दोन खेळांनी याची दोन उत्तरं दिली. आणि दोन्ही उत्तरं मुळात एकाच घरातली, हे विशेष.

ते घर म्हणजे हार्मोनिक्स. एमआयटीत शिकलेल्या ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरान एगोझी यांनी १९९५ साली ही कंपनी काढली. वाद्य न शिकलेल्यालाही वाजवण्याचा आनंद मिळावा, हा हेतू. ‘फ्रीक्वेन्सी’ (२००१) आणि ‘ॲम्प्लिट्यूड’ (२००३) या त्यांच्या खेळांचं कौतुक झालं, खप मात्र बेताचाच. मग रेडऑक्टेन या कंपनीबरोबर २००५ मध्ये ‘गिटार हिरो’ आला. गिटारच्या आकाराचं नियंत्रक आधी जपानच्या कोनामीनं ‘गिटारफ्रीक्स’मध्ये वापरलं होतं, घराघरांत ते पोचवलं ‘गिटार हिरो’नं.

आता बघा, खेळ कसा आहे. प्लास्टिकची गिटार, मानेवर पाच रंगीत बटणं, तारांच्या जागी एक पट्टी. पडद्यावरून रंगीत ठिपके सरकत येतात. नेमक्या क्षणी बटण दाबून पट्टी छेडायची. चुकलात, की गाण्यातला गिटारचा आवाजच गायब होतो! सगळी गंमत इथे आहे. ध्वनिमुद्रण आधीच झालेलं आहे, तरी तो सूर ऐकू येणं आता तुमच्यावर अवलंबून आहे. नुसता ऐकणारा माणूस त्या सुराला जबाबदार झाला.

पुढे २००६ मध्ये वाटणी झाली. ॲक्टिव्हिजननं रेडऑक्टेन विकत घेतली, एमटीव्हीनं हार्मोनिक्स. म्हणजे नाव एका घरी गेलं आणि कारागीर दुसऱ्या. २००७ च्या अखेरीस दोघं समोरासमोर आले. नेव्हरसॉफ्टनं केलेला ‘गिटार हिरो ३’ आणि हार्मोनिक्सचा ‘रॉक बँड’. दुसऱ्यात गिटार, बास, ड्रम आणि मायक्रोफोन. चौघांनी मिळून खेळायचं.

नियम ताडून पाहिले की दोन वृत्ती दिसतात. ‘गिटार हिरो ३’मध्ये द्वंद्व आहे. टॉम मोरेलो, स्लॅश यांच्याशी सामना करायचा, समोरच्याची तार तुटावी असे डाव टाकायचे. ‘रॉक बँड’मध्ये साथीदार कोलमडला तर त्याचं वाद्य मुकं होतं आणि सगळ्यांचंच गाणं धोक्यात येतं. मग दुसऱ्यानं साठवलेली शक्ती खर्चून त्याला परत आणायचं. एकीकडे दुसऱ्याची चूक हा माझा फायदा, तर दुसरीकडे ती माझी जबाबदारी. संगीत म्हणजे काय, याबद्दलची ही दोन मतं आहेत, आणि ती ग्रंथात नाहीत, खेळाच्या नियमांत लिहिलेली आहेत.

अर्थात ‘गिटार हिरो’नंही २००८ मध्ये ड्रम आणि गायन घेतलं. २००९ मध्ये तर त्यांनी ‘बँड हिरो’च काढला! नायकाला शेवटी मेळाचंच नाव घ्यावं लागलं. पण त्याच वर्षी ‘मेटॅलिका’, ‘स्मॅश हिट्स’, ‘गिटार हिरो ५’, ‘व्हॅन हेलन’ अशी रांगच लागली. लोकांकडे प्लास्टिकच्या गिटारी साठल्या, उत्साह आटला. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजननं हा विभागच बंद केला. ‘रॉक बँड’लाही ओहोटी लागलीच, २०१० संपता संपता हार्मोनिक्सही विकली गेली. तेव्हा मेळाचा विजय झाला, असं मी म्हणणार नाही. बाजारानं दोघांनाही सारखंच झोडपलं.

आक्षेप असा की हे वाजवणं नव्हेच. ॲरिस्टॉटल म्हणतो, वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो. बटणं दाबून नव्हे. गिटारपुरतं ते खरंच आहे. ‘रॉक बँड’चे ड्रम मात्र खऱ्या ड्रमच्या बरेच जवळचे. दोन हात, एक पाय, तिघांची वेगवेगळी कामं. २०१० च्या ‘रॉक बँड ३’मध्ये तर खरी तारांची गिटार जोडायची सोय झाली. खेळाचं दार शिक्षणाकडे उघडलं. तोवर गर्दी पांगली होती, एवढंच.

पण मला दुसरंच मोलाचं वाटतं. ‘द बीटल्स : रॉक बँड’मध्ये (२००९) तिघांना तीन मायक्रोफोनवर तीन वेगवेगळे सूर धरता येतात. आयुष्यभर जो एकच आवाज वाटत होता, त्यात तीन माणसं आहेत, हे गळ्यानं कळतं. बास सांभाळणाऱ्याला गाण्याचा तळ पहिल्यांदा ऐकू येतो. नायकाच्या खेळात मी मला ऐकतो. मेळाच्या खेळात दुसऱ्याला ऐकल्याशिवाय माझं भागत नाही. वाद्य न येणाऱ्या रसिकाची जागा मला इथे सापडते. वादक तो झाला नसेल, पण जाणता श्रोता नक्कीच झाला. आणि मैफल अशा श्रोत्यांवरच उभी असते.

इथे थांबतो.