छावणी
सैन्याच्या दीर्घ वास्तव्याचे स्थान. वाटचालीतील एका-दोन रात्रींचा मुक्काम म्हणजे तळ. छावणी ही मराठी कागदपत्रांत मुख्यतः पावसाळ्यातील वस्ती होय. नद्यांना पूर आले, की घोडदळाच्या हालचाली थांबत. सभासदाच्या बखरीनुसार शिवाजी महाराजांचे लष्कर पावसाळ्यात स्वदेशी परते. त्यापूर्वीच दाणा, वैरण, औषधे व गवताने शाकारलेली घरे सिद्ध ठेवीत आणि दसरा होताच लष्कर कूच करी.

या व्यवस्थेतील खरा प्रश्न निवाऱ्याचा नसून शिध्याचा होता. चिपळूण भागात छावणीस असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी १६७३ मध्ये पाठविलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. साठा आरंभीच उधळला, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांकडून धान्य, भाजी, लाकूडफाटा ओरबाडतील आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. चुली, तंबाखू व रात्रीचे दिवे यांविषयीही ताकीद आहे. उंदराने पेटती वात नेली, तरी गवताच्या गंजी जळून जातील. छावणी शेजारच्या गावाला किती जड जाते, याची इतकी बारकाईची जाण नंतरच्या मराठी सरदारांत क्वचितच दिसते. अठराव्या शतकात सैन्यामागे बाजारबुणग्यांचा पसारा वाढला. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरजवळ दिलेला तळ तर उठलाच नाही; त्याचेच लष्कर हे शहर बनले.

इंग्रजांनी छावणी कायमची केली. बराकपूर ही त्यांची सर्वांत जुनी छावणी मानतात. खडकीच्या लढाईनंतर पुणे व १८२१ मध्ये कामठी येथे छावण्या वसल्या. जुन्या शहरापासून दूर मोकळ्या जागी कवायतीचे मैदान, बंगले व पलटणीचा बाजार अशी त्यांची मांडणी असे. यूरोपीय सैनिकांना सरकारी बराकी मिळत. हिंदी शिपाई मात्र तुटपुंज्या भत्त्यावर स्वतःच मातीच्या झोपड्या उभारीत. या ओळींना ‘लाइन’ म्हणत. पक्क्या बराकीही आरोग्यदायी नव्हत्या. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात हिंदुस्थानातील यूरोपीय सैनिकांचा वार्षिक मृत्युदर दर हजारी ६९ दिला आहे. त्यांतील बहुतेक बळी शत्रूचे नव्हेत, तर पटकी, हिवताप, आमांश यांचे होते. दाटी, दूषित पाणी व तुंबलेली गटारे ही त्यांची कारणे. त्यानंतर १८६४ चा छावणी कायदा आला आणि स्वच्छतेसाठी स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली.

१९२४ च्या कायद्याने छावणी मंडळांची घटना निश्चित केली. त्याची जागा २००६ च्या कायद्याने घेतली. दरम्यान छावण्यांभोवती शहरे वाढली व नागरी वस्ती आत आली. ही वस्ती शेजारच्या स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे धोरण पुढे स्वीकारण्यात आले व २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथे ते प्रथम अंमलात आले.