आकडा ऐकणाऱ्याने लिहायचा

‘वाटेल तेवढे द्या आणि गाणी न्या’ या प्रथेचा जन्मदाखला मागितला की बहुतेक जण एकच तारीख सांगतात: १० ऑक्टोबर २००७. त्या दिवशी रेडिओहेड या इंग्लिश बँडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावरून द्यायला सुरुवात केली. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा त्यांचा करार संपला होता. खरेदीच्या पानावर किमतीची चौकट कोरी होती. तिच्या शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की उत्तर यायचं, तुम्हीच ठरवा. पुन्हा मारली की, खरंच, तुम्हीच ठरवा. शून्य लिहिलं तरी चालायचं. डिसेंबरात ही सोय बंद झाली, मग सीडी दुकानांत आली आणि ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

माझं म्हणणं असं की ही प्रथा तोवर २७ वर्षांची झाली होती आणि तिचं मूळ इंटरनेटात नाही, अमेरिकेतल्या ख्रिस्ती भक्तिसंगीतात आहे.

कीथ ग्रीन हा पियानोवर गाणारा तरुण ऐन विशीत ख्रिस्ताकडे वळला. स्पॅरो या कंपनीने काढलेले त्याचे दोन अल्बम चांगले चालले, पण देवाच्या नावाची गाणी पैसे नसणाऱ्याला नाकारायची कशी, हा प्रश्न त्याला सोडेना. १९७९ मध्ये त्याने करारातून मोकळं करण्याची विनंती केली आणि कंपनीच्या प्रमुखांनी ती मानली. मग घर गहाण टाकून त्याने ‘सो यू वॉन्ना गो बॅक टू इजिप्ट’ हा अल्बम स्वतःच काढला. साल १९८०. त्यातल्या एका गाण्यात बॉब डिलनने हार्मोनिका वाजवली आहे, तेव्हा हा कोपऱ्यातला हौशी उद्योग नव्हता. कार्यक्रमांत आणि टपालाने अल्बम द्यायची अट एकच: परवडेल तेवढं द्या, काहीच परवडत नसेल तर तसाच न्या. मे १९८२ पर्यंत दोन लाखांवर प्रती गेल्या, त्यातल्या सुमारे ६१ हजार फुकट. पुढे दोन महिन्यांत टेक्ससमधल्या विमान अपघातात ग्रीन गेला. वय २८.

या आकड्यांपाशी मी थांबतो, कारण खरा पुरावा तिथे आहे. दहातल्या सातांनी काही ना काही दिलं! आता २००७ च्या शेवटी सॉल विल्यम्स या अमेरिकी रॅपरने काय केलं ते पाहा. पाच डॉलर द्या किंवा फुकट न्या, असे दोनच पर्याय त्याने ठेवले. १,५४,४४९ जणांनी अल्बम उतरवून घेतला, पैसे दिले २८,३२२ जणांनी, म्हणजे पाचात एकानेही नाही. पर्याय वेगळे होते, श्रोते वेगळे होते, हे मान्य. तरी मला वाटतं, मोठा फरक टपालाचा आहे. ग्रीनकडे टपालाने फुकट मागणाऱ्याला पत्र लिहावं लागे. समोर माणूस आहे हे मनात आल्याशिवाय पत्र लिहिता येत नाही. टिचकी मारता येते.

प्रतिस्पर्धी दावे आहेतच. रस्त्यावरच्या गवयाची टोपी सगळ्यांत जुनी. पण ती, कीर्तनानंतर फिरणाऱ्या आरतीच्या ताटासारखी, ऐकून झाल्यावर आणि चारचौघांत समोर येते. इथे आधी आकडा, मग गाणं, आणि पाहणारं कोणी नाही. अँड्र्यू फ्लूगलमनने आपलं संगणकी सॉफ्टवेअर ऐच्छिक पैशांवर वाटलं ते १९८२ मध्ये, म्हणजे ग्रीननंतर. २००३ च्या मॅग्नाट्यून या इंटरनेटवरच्या रेकॉर्ड कंपनीत किंमत गिऱ्हाइकाने निवडायची, पण ५ ते १८ डॉलरच्या आत; निम्मे पैसे कलाकाराला. शून्याला जागा नव्हती, म्हणून ती शाखा मी बाजूला ठेवतो. जेन सायबेरी या कॅनडाच्या गायिकेचा दावा खरा तगडा आहे. २००५ मध्ये तिने भेट म्हणून न्या, आत्ता द्या, नंतर द्या, असे पर्याय दिले आणि इतरांनी सरासरी किती दिले तेही शेजारी दाखवलं. रेडिओहेडच्या आधीची इंटरनेटवरची खरी पूर्वज मी तिलाच मानतो.

मग ग्रीनची कल्पना रेडिओहेडपर्यंत पोचली कशी? माझ्या मते कोणी ती उचलून नेली नाही. तयार रेकॉर्डिंग हाती आहे, डोक्यावर कंपनी नाही आणि श्रोत्यापर्यंत थेट पोचता येतं, असं तिन्ही जुळलं की ही कल्पना पुन्हा उगवते. १९८० मध्ये ते टपालाने जुळलं, २००७ मध्ये तारेने.

२००८ मध्ये निघालेल्या बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळाने हा योग रोजचा केला. कलाकाराने तळाची किंमत ठरवायची, हवी तर शून्य. वर किती द्यायचे ते ऐकणाऱ्याने. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के बँडकॅम्प घेतं. घर गहाण टाकायची गरज आता उरलेली नाही, आणि ग्रीननंतर या प्रथेत झालेला सर्वांत मोठा बदल मला हाच वाटतो.